वाद्य-विचारणा : दुखऱ्या सांध्यांना झेपेल असा बेस

या वेळी निवडलेल्या पाच पत्रांचा विषय एकच आहे. संधिवात असलेल्या हातांनी बेस गिटार वाजवत राहायचे असेल, तर वाद्य कोणते निवडावे आणि ते कसे लावून घ्यावे, हा तो विषय. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या पत्रांची बरीचशी उत्तरे त्यातच येऊन जातात.

प्रश्न : मी गेली तीस वर्षे बेस वाजवतो. वय ६१. माझा बेस नेहमीच्या ३४ इंची स्केलचा, म्हणजे तेवढ्या लांबीच्या तारांचा, असून त्याचे वजन ४.६ किलो भरते. दोन वर्षांपासून डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखते आणि तर्जनी व मधल्या बोटाच्या टोकाकडच्या सांध्यांवर गाठी आल्या आहेत. डॉक्टरांनी सांध्यांची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, असे निदान केले आहे. वाजवणे सोडायची गरज नाही, पण सांध्यांवरचा ताण कमी करा, असे त्यांनी सांगितले. पहिल्या तीन-चार फ्रेटवर (वाद्याच्या दांडीवरच्या आडव्या धातूपट्ट्यांवर) अर्धा तास वाजवले की अंगठा ठणकू लागतो. हा बेस विकून सर्वांत हलका बेस घ्यावा असा विचार आहे. कोणता घ्यावा?

उत्तर : आपण विचारले आहे वजनाबद्दल, पण आपली तक्रार अंगठ्याची आहे, आणि या दोन गोष्टींचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. बेसचे वजन पट्ट्यावाटे खांद्यावर येते. खांदा, मान किंवा कंबर दुखत असती, तर ४.६ किलोचा बेस बदला असे मी पहिल्याच वाक्यात लिहिले असते. अंगठ्याच्या मुळाशी दुखते ते मात्र चिमटीमुळे. पुढून बोटे तार दाबतात आणि मागून अंगठा बेसच्या मानेला, म्हणजे त्याच्या लांब दांडीला, रेटा देतो. चिमटीत जितका जोर लावावा, त्याच्या दहा-बारा पट दाब अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर येतो, असे हाताच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्यांनी मोजलेले आहे. म्हणजे चिमटीतला पाव किलोचा जोर वाचला, तर त्या सांध्यावरचा अडीच-तीन किलोचा दाब टळतो. म्हणून माझ्या मते आपला खरा प्रश्न असा आहे, की तार दाबायला लागणारा जोर कमी कसा होईल आणि हाताला कमी ताणावे कसे लागेल. वजनाचा विचार त्यानंतर करावा. मात्र वजनाचा तोल हा निराळा मुद्दा आहे आणि त्याकडे मी पुढे येतोच.

बेस विकण्याआधी तो एखाद्या जाणत्या कारागिराकडून नीट लावून घ्यावा. वर्षानुवर्षे वाजवल्या जाणाऱ्या बेसची मान हळूहळू पुढे वाकते, तारा फ्रेटपासून उंच होत जातात आणि वाजवणाऱ्याचा हात त्या उंचीला सरावत गेल्याने ती त्याच्या ध्यानातही येत नाही. बाराव्या फ्रेटवर ई तारेची, म्हणजे सर्वांत जाड तारेची, उंची तीन मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असलेले बेस दुरुस्तीच्या टेबलावर नेहमी येतात. फ्रेट समतल असतील आणि हात हलका असेल, तर तीच उंची दोन मिलिमीटरपर्यंत, कधी त्याच्याही खाली, सहज आणता येते. ट्रस रॉडने, म्हणजे मानेच्या आत असलेल्या धातूच्या सळईने, मानेचा बाक कमी करून घ्यावा, पण तो पूर्ण काढू नये; सातव्या-आठव्या फ्रेटच्या आसपास एक तृतीयांश मिलिमीटरची पोकळी राहिली की पुरे.

आपल्याला त्रास पहिल्या तीन-चार फ्रेटवर होतो, यावरून मला नटचा, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीचा, संशय येतो. नटच्या खाचा उथळ राहिल्या असतील, तर ब्रिजकडून, म्हणजे धडावर तारा टेकतात त्या टोकाकडून, तार कितीही खाली आणली तरी पहिल्या फ्रेटवर ती ताठच लागते, कारण टोकाजवळ तार दाबायला मुळातच अधिक जोर लागतो. याची परीक्षा घरी करता येते. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबून धरावी आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते पाहावे. ती जेमतेम दिसेल न दिसेल इतकी हवी. फट ठळक दिसत असेल, तर खाचा खोल करायला हव्यात. हे काम कानशीने होते, पण एकदा जास्त खोल गेलेली खाच सहजी भरून येत नाही, म्हणून ते स्वतः करू नये.

यानंतर तारा. बेसचा नेहमीचा संच ४५ ते १०५ जाडीचा असतो. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. त्याऐवजी ४० ते ९५ चा संच चढवला, तर त्याच सुराला ताण बऱ्यापैकी उतरतो, कारण ताण जाडीच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात बदलतो. गुळगुळीत वेटोळ्यांच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा बोटांच्या कातडीला सुखाच्या असतात आणि सरकताना अडत नाहीत. पण फ्लॅटवाउंड म्हणजे मऊ, हा गैरसमज आहे. त्यांतले पुष्कळ संच नेहमीच्या तारांपेक्षा ताठ असतात. घ्यायच्याच तर कमी ताणाच्या म्हणून बनवलेल्या घ्याव्यात; थोमास्टिक कंपनीच्या जॅझ फ्लॅट तारा त्यासाठीच ओळखल्या जातात. ताण कमी करण्यालाही मर्यादा आहे. सैल तार मोठे हेलकावे घेते, फ्रेटवर आपटून खरखरते, मग ती खरखर घालवण्यासाठी तार उंच करावी लागते आणि जे कमावले ते पुन्हा गमावले जाते. उजवा हात हलका ठेवणाऱ्यालाच सैल तारेचा फायदा पदरात पडतो.

आता स्केलविषयी. स्केल म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत कंप पावणाऱ्या तारेची लांबी. १९५१ साली आलेल्या फेंडर प्रिसिजन बेसची स्केल ३४ इंच होती आणि तेव्हापासून तेच माप बहुतेक बेसना चिकटले आहे. आखूड म्हणवले जाणारे बेस ३० इंचांच्या आसपास असतात. चार इंचांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर ३४ इंची बेसवर सुमारे १३० मिलिमीटर असते, तर ३० इंची बेसवर सुमारे ११४. ज्या बोटांचे सांधे पसरताना दुखतात, त्यांना या सोळा मिलिमीटरांची किंमत लगेच कळते. शिवाय त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावल्या, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतो. डाव्या हाताला लांबही जावे लागत नाही, त्यामुळे कोपर आणि मनगट नैसर्गिक कोनात राहतात.

हे सारे आपल्या हाताला मानवते की नाही, हे एकही नवा बेस विकत न घेता पाहण्याची एक युक्ती आहे आणि ती मी प्रत्येकाला आधी करायला सांगतो. आपल्या आताच्या बेसच्या चारही तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवाव्यात आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावावा. सूर पुन्हा मूळचेच येतात, पण आता तारेची उरलेली लांबी ३०.३ इंच असते, फ्रेटमधले अंतर आखूड बेसइतके होते आणि ताणही मूळच्या ७९ टक्क्यांवर येतो. नेहमीच्या गिटारचा कॅपो अरुंद मानेवर कसाबसा बसतो. रुंद मानेसाठी बेसचा कॅपो लागेल. आठ-दहा दिवस असे वाजवून पाहावे. अंगठ्याचे ठणकणे अर्ध्या तासाऐवजी तासाने सुरू झाले किंवा झालेच नाही, तर आखूड स्केल आपल्यासाठी आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष हाताच्या ठेवणीत किंवा पकडीत आहे आणि नवा बेसही तो दूर करणार नाही.

आखूड बेस म्हणजे मुलांचे किंवा शिकाऊ माणसांचे वाद्य, हा समज अजून पुष्कळांच्या मनात आहे. पॉल मॅकार्टनी यांचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर ३० इंची आहे, जॅक ब्रूस यांचा गिब्सन ईबी-३ आखूडच होता आणि ज्यांच्या बोटांच्या चपळाईचे दाखले दिले जातात ते स्टॅनली क्लार्क अनेक दशके आखूड स्केलचा अलेंबिक वाजवत आले आहेत. आखूड बेसचा सूर अधिक गोल, काहीसा बुटका लागतो आणि ई तारेतली ती पियानोसारखी कड थोडी बोथट होते. माझ्या कानाला ते आवडते; आपल्याला कदाचित आवडणार नाही. तारा मात्र आखूड बेससाठीच बनवलेल्या घ्याव्यात, नाहीतर तारेचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला जाऊन वेटोळे सुटतात.

मग वजन. त्याच्याआधी तोल बघायचा, कारण हलक्या बेसची सर्वांत मोठी गोम तिथेच असते. धड हलके आणि डोके, म्हणजे मानेच्या टोकाचा सूर लावायच्या खुंट्यांचा भाग, जड असले, की पट्ट्यावर लटकवलेला बेस डोक्याकडून खाली झुकतो, आणि तो झुकू नये म्हणून डावा हात नकळत मान उचलून धरतो. म्हणजे खांद्यावरून उतरवलेला भार आपण दुखऱ्या अंगठ्यावर नेऊन ठेवला. हे मी स्वतः भोगले आहे. वजनकाट्यावरचा आकडा पाहून मी एकदा पावणेतीन किलोचा बेस घेतला. घरी आल्यावर लक्षात आले, की हात सोडला की त्याचे डोके गुडघ्याकडे धाव घेते. सहा महिन्यांत तो विकला आणि सव्वा किलोने जड, पण तोलात राहणारा बेस घेतला. तेव्हा उभे राहून, पट्टा गळ्यात घालून, दोन्ही हात सोडून पाहावे. बेस जिथल्या तिथे राहिला किंवा मान किंचित वर गेली, तरच पुढे बोलणी करावीत. धडाचे वरचे शिंग बाराव्या फ्रेटपर्यंत पुढे आलेले असेल, तर तोल बहुधा चांगला असतो. ज्या बेसमध्ये पट्ट्याची खुंटी मानेच्या मुळाशी मागे असते, ते हमखास झुकतात. डोके थोडेच झुकत असेल, तर डोक्यावर हलक्या धातूच्या खुंट्या बसवून आणि आतून खरखरीत चामडे असलेला रुंद पट्टा वापरून भागते.

वजनाचा आकडाही सांगतो. साडेतीन किलोच्या आत असलेल्या भरीव बेसला हलका म्हणावे. एकाच नमुन्याच्या दोन बेसमध्ये लाकडामुळे अर्ध्या किलोचा फरक सर्रास पडतो, म्हणून जाहिरातीतल्या वजनावर न विसंबता तोच बेस तोलून घ्यावा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा लोंबता काटा त्याला पुरतो. हॉफनर आतून पोकळ असल्याने अडीच किलोच्या आतबाहेर भरतो. मोठ्या आवाजात तो घुमू लागतो, पण आपण छोट्या जागी वाजवत असाल तर त्याच्याइतके सुखद वाद्य थोडेच. १९६६ साली आलेला फेंडर मस्टँग हा भरीव धडाचा ३० इंची बेस तोलाला बरा आहे आणि आपल्यासारख्या ३४ इंची बेसच्या सवयीच्या हाताला तो परका वाटत नाही. इबानेझची एसआर मालिका ३४ इंची असूनही पातळ धडाची आणि हलकी आहे; नटजवळची मान ३८ मिलिमीटर रुंद असल्याने बोटांना आडवे कमी फिरावे लागते. स्केल कमी करायचीच नसेल, तर तिचा विचार करावा.

मानेच्या जाडीबद्दल माझे मत प्रचलित सल्ल्याच्या थोडे उलट आहे. दुखऱ्या हाताला पातळ मान बरी, असे सगळे सांगतात. पण फार पातळ मानेवर अंगठा आणि बोटे एकमेकांच्या जवळ येतात आणि चिमटी घट्ट होते. जाड दांड्याची लेखणी संधिवाताच्या हाताला जशी सोपी जाते, तशी मध्यम भरीव मान मुळाशी दुखणाऱ्या अंगठ्याला मानवते. बोटांच्या टोकाचे सांधे दुखत असतील, तर मात्र पातळ मान चांगली. आपल्याला दोन्ही त्रास आहेत, तेव्हा मध्यम मान घ्यावी, अरुंद चालेल.

थोडे हाताच्या ठेवणीविषयी. अंगठा मानेपासून पूर्ण सोडून, दंडाच्या वजनाने तार मागे ओढून एखादी साधी ओळ वाजवून पाहावी. तार दाबायला अंगठा किती कमी लागतो, हे पाहून आपल्यालाच नवल वाटेल. खालच्या फ्रेटवर प्रत्येक फ्रेटला एक बोट हा आग्रह सोडावा आणि डबल बेस वाजवणाऱ्यांची जुनी रीत धरावी : तर्जनी, मधले बोट, आणि अनामिका-करंगळी मिळून एक. फ्रान्झ सिमांडल यांच्या शिकवणीतून रूढ झालेल्या या रीतीत बोटे तीनच फ्रेट व्यापतात, बाकीचे अंतर हात सरकवून कापायचे असते. बोट फ्रेटला अगदी खेटून ठेवावे, कारण तिथे सर्वांत कमी जोर लागतो. आणि जे सूर वर मिळतात ते वरच घ्यावेत. ए तारेचा तिसरा फ्रेट आणि ई तारेचा आठवा फ्रेट हा एकच सूर आहे. पण तिसऱ्यापाशी दोन फ्रेटमधले अंतर ४३ मिलिमीटर असते आणि आठव्यापाशी ३२.

थोडक्यात माझा सल्ला विचाराल, तर आधी नट आणि तारा, मग आठ दिवस कॅपो, आणि त्यानंतर तोल पाहून मस्टँगच्या धर्तीचा आखूड बेस. जुना बेस लगेच विकू नका.

प्रश्न : मला आमवात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असल्याचे गेल्या वर्षी कळले. दोन्ही हातांच्या पेरांवर सूज येते आणि सकाळी तासाहून अधिक काळ बोटे वळत नाहीत. हलका बेस घेतला, तर सूज असतानाही सराव चालू ठेवता येईल का?

उत्तर : नाही, आणि हे मी स्पष्ट लिहितो, कारण वरच्या पत्रातला आजार आणि आपला आजार यांना बोलताना आपण एकच नाव देत असलो तरी ते दोन वेगळे आजार आहेत. तिथे सांधा झिजलेला आहे. आपल्याकडे शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते आहे. सूज, उष्णता आणि दीर्घकाळ टिकणारा सकाळचा ताठरपणा ही आजार जागा असल्याची खूण आहे. अशा दिवसांत सांध्यावर जोर टाकला, तर आधीच सैल पडू लागलेल्या बंधांवर तो येतो. आजाराची गती रोखणारी औषधे वेळेत आणि नियमित घेणे हेच आपल्या वाजवण्याचे पहिले साधन आहे. वाद्य त्याची जागा घेऊ शकत नाही.

सूज असलेल्या दिवशी तार न दाबता उजव्या हाताने हलक्या मोकळ्या तारा वाजवणे किंवा नुसते कानाने पाठ करणे एवढेच करावे, आणि तेही दुखत नसेल तरच. सूज ओसरल्यावर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून, मध्ये तेवढीच विश्रांती घेऊन वाजवावे. आमवातात मनगट आणि खांदाही बहुधा सापडतात, त्यामुळे वजनाचा मुद्दा आपल्या बाबतीत अधिक महत्त्वाचा ठरतो : बसून वाजवावे, तरीही पट्टा लावावा, मान वर उचललेल्या कोनात ठेवावी आणि डावे मनगट सरळ राहील असे पाहावे. हाताच्या व्यायामोपचार तज्ज्ञांकडे जाताना बेस सोबत न्यावा. कोणत्या सांध्याला कोणता आधारपट्टा बांधावा, हे तोंडी वर्णनावरून ठरवण्यापेक्षा वाजवताना हात पाहून ठरवणे त्यांना कितीतरी सोपे जाते. खुंट्या फिरवणे, तारा बदलणे ही कामे दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावीत. त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे असून त्यांनी हात दुखतात म्हणून बेस दोन वर्षांपूर्वी बंद केला. युकुलेलेएवढा एक छोटा बेस मिळतो असे ऐकले. तो त्यांना भेट द्यावा, की ते खेळणेच आहे?

उत्तर : ते खेळणे नाही. काला कंपनीच्या यू-बेसने हा प्रकार लोकांना माहीत करून दिला. त्याची स्केल वीस-एकवीस इंचांची असते, पण सूर तेच, नेहमीच्या बेसइतके खाली, चाळीस हर्ट्झच्या थोडा वर असलेल्या ई पर्यंत लागतात. हे जमते ते रबरासारख्या जाड तारांमुळे, आणि त्याच तारा आपल्या वडिलांच्या उपयोगाच्या आहेत : बोटाला त्या मऊ लागतात आणि दाबायला फारच थोडा जोर पुरतो. पोकळ धडाचे वाद्य इतके हलके असते, की वजनाचा प्रश्नच उरत नाही.

तरी तीन गोष्टी त्यांना आधी सांगाव्यात. नव्या तारा पहिले काही दिवस ताणल्या जातात आणि सूर सतत उतरतो. वाद्य बिघडलेले आहे असे त्यांना वाटेल, पण तसे नसते. तारा किंचित चिकट असल्याने बोट सरकवणे जड जाते. काही वाजवणारे त्यासाठी बोटांना पावडर लावतात. आणि फ्रेट इतके जवळ असतात, की तीस-चाळीस वर्षे मोठा बेस वाजवलेल्या माणसाचे बोट सुरुवातीला हमखास पुढच्या फ्रेटवर पडते. सांध्यांवरच्या गाठींमुळे बोटे जाड झाली असतील, तर ही अडचण थोडी वाढते. म्हणून भेट अचानक न देता, शक्य असेल तर त्यांना बरोबर नेऊन वाजवू द्यावे. दोन वर्षे बंद असलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत वेदनेशिवाय एखादी ओळ वाजवता आली, तर पुढचे तो आपले आपण ठरवतो.

प्रश्न : माझा त्रास उजव्या हाताचा आहे. तर्जनी आणि मधल्या बोटाचे मधले सांधे दुखतात. बोटांऐवजी पिक (तार छेडायची छोटी चकती) वापरू का?

उत्तर : अंगठ्याचे मूळ ठणठणीत असेल तर जरूर वापरून पाहा, ते दुखत असेल तर नको, कारण पिक धरणे हीसुद्धा चिमटीच आहे आणि ती गाणे संपेपर्यंत सुटत नाही. पिक मोठ्या त्रिकोणी आकाराचा आणि जाड घ्यावा. पातळ पिक निसटेल या भीतीने आपण तो घट्ट धरतो. तिसरा मार्ग अंगठ्याच्या बाजूने तार खाली रेटण्याचा आहे. तळहाताची कड ब्रिजवर टेकवून असे वाजवले, की बोटांचे मधले सांधे जवळजवळ मोकळे राहतात आणि आवाजही छान बुजलेला, जुन्या ध्वनिमुद्रणांसारखा येतो. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून वाजवणे, मात्र आता सोडलेला बरा.

त्याहीआधी ॲम्पचा आवाज वाढवून पाहावा. आपण जोरात वाजवतो ते पुष्कळदा स्वतःला ऐकू यावे म्हणून. आवाज दीडपट करून हात निम्म्याने हलका केला, पिकअप (तारांचा कंप टिपणारे धडावरचे चुंबकी भाग) तारांच्या थोडे जवळ आणले आणि हात ब्रिजपासून मानेकडे सरकवला, जिथे तार मऊ लागते, तर काहींना पिकची गरजच भासत नाही. आणि ॲम्प उचलण्याबद्दल कोणीच विचारलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. तीन-साडेतीन किलोच्या बेसचा शोध घेणारी माणसे तीस किलोची स्पीकरची पेटी जिन्यावरून स्वतः चढवतात. नव्या क्लास डी जातीच्या ॲम्पचे डोके, म्हणजे स्पीकरविना नुसते यंत्र, दोन-तीन किलोंत मिळते आणि निओडायमियम चुंबकाचे स्पीकर असलेल्या पेट्या जुन्या पेट्यांच्या मानाने पुष्कळच हलक्या असतात. बोटांच्या सांध्यांसाठी ही खरेदी कधी कधी नव्या बेसइतकीच कामाची ठरते.

प्रश्न : डोके नसलेला बेस संधिवातासाठी सर्वांत चांगला, असे एका वादक मित्राने सांगितले. खरे आहे का?

उत्तर : पुष्कळ अंशी. नेड स्टाइनबर्गर यांनी १९८० च्या सुमारास कार्बन तंतूंच्या मिश्रणातून डोके नसलेला बेस आणला. टोकाचे वजनच काढून टाकल्यामुळे मान झुकण्याचा प्रश्न मुळातून सुटतो. नटजवळच्या फ्रेटसाठी हात मात्र तेवढाच लांबवावा लागतो, कारण स्केल बदलत नाही. तेव्हा शक्य असल्यास डोके नसलेला आणि स्केलही आखूड असलेला बेस शोधावा. धड फार छोटे असेल, तर बसून वाजवताना ते मांडीवर नीट बसते का, हेही पाहावे.

एक गोष्ट मात्र वाद्य पसंत पडल्याच्या आनंदात हमखास विसरली जाते. या बेसच्या सूर लावायच्या कळा ब्रिजपाशी असतात. त्या बुटक्या, खरखरीत आणि तारेच्या पूर्ण ताणाखाली बऱ्याच कडक असतात, आणि त्या फिरवायला नेमकी अंगठा-तर्जनीची चिमटी लागते. विकत घेण्यापूर्वी ई तार अर्धा स्वर खाली उतरवावी आणि पुन्हा वर चढवावी. हे काम विक्रेत्याला न सांगता आपल्याच दुखऱ्या हाताने करून पाहावे.